श्री. पेंडसे यांची इथे न राहणारी पत्नी

न्युरेम्बर्ग, ४ मार्च

मला रोजनिशी लिहायची सवय नाही आणि हौस तर नाहीच. आजपासून लिहिते आहे ते एका पत्रामुळे. इथल्या कर कार्यालयाच्या, म्हणजे फिनान्सआम्टच्या मते माझ्या नवऱ्याला दोन बायका आहेत, आणि त्यांतली मी नंतरची. पुढेमागे मला कोणी काही विचारलेच, तर काय घडले आणि कोण काय बोलले हे तारीखवार लिहिलेले असावे.

पत्र सकाळी आले. शरदचंद्रांनी ते टोस्टला बटर लावता लावता वाचले आणि टेबलावर उलटे ठेवले. माझा अनुभव असा की हा माणूस कागद उलटा ठेवतो तेव्हा तो माझ्याबद्दल असतो.

"काय आहे?"

"आल्झो, काही नाही. किरकोळ."

तीन वर्षांत हे गृहस्थ इतके जर्मन झाले आहेत की खोटे बोलण्याआधी 'आल्झो', म्हणजे 'तर', असे म्हणतात. मी कागद ओढून घेतला आणि मोबाइलवर भाषांतर करून वाचला. मजकूर असा: श्री. पेंडसे यांनी गेल्या वर्षीचा आयकर पत्नीसोबत एकत्र भरला आहे. परंतु ते जर्मनीत आले तेव्हा त्यांनी पत्नीचे नाव संध्या, राहणार पुणे, असे नोंदवले होते. आता विवरणपत्रात पत्नीचे नाव यमुना, राहणार न्युरेम्बर्ग, असे आहे. तरी संध्या यांच्याशी झालेला विवाह केव्हा संपुष्टात आला आणि यमुना यांच्याशी केव्हा झाला, हे एका महिन्याच्या आत पुराव्यासह कळवावे.

यमुना म्हणजे मी. संध्या अशी कोणी बाई या जगात नाही. पण तिचा विवाहनोंदणीचा दाखला आहे आणि माझा नाही.

आमच्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलायची पद्धत. नवरा मुलगा ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहितो, सगळे वाकून वाचतात, पेढे वाटतात, आणि मुलीने त्या दिवसापासून त्या नावाला ओ द्यायची. १९९० साली शरदचंद्रांनी तांदळात 'संध्या' लिहिले. मी ते वाचले आणि मांडवातच सांगितले की अक्षर चांगले आहे, पण मी यमुनाच राहणार. रसायनशास्त्रातली पदवी, कॉलेजातली नेमणूक, सगळे यमुनेच्या नावावर होते. आडनाव तेवढे घेतले, कारण दारावरच्या पाटीवर दोन मावत नव्हती. सासूबाईंनी काही महिने नेटाने 'संध्या, संध्या' अशा हाका मारल्या. मी दुसऱ्याच कोणाला बोलावत असतील असे समजून चालले. मग त्यांनी नाद सोडला. तेवढ्यात मामंजी जाऊन लग्नाची नोंदणी करून आले होते आणि तिथे त्यांनी ऐटीत 'सौ. संध्या शरदचंद्र पेंडसे' असे लिहून दिले होते. तो दाखला कपाटात पडून राहिला. मी उपप्राचार्य म्हणून निवृत्त झाले तरी कोणाला त्याची गरज लागली नाही. माझ्या व्हिसाच्या वेळी मुंबईत तो दाखवला, तेव्हा तिथल्या बाई दोन्ही नावे पाहून हसल्या आणि काम करून दिले. त्यांना आपल्याकडची लग्ने ठाऊक असावीत. न्युरेम्बर्गला ठाऊक नाहीत.

"कळवून टाकू, तूच संध्या म्हणून," शरदचंद्र म्हणाले. "संपलं."

"मी संध्या नाही."

"अगं, फक्त कागदावर."

"कागदावर तर मुळीच नाही."

त्यांनी टोस्ट खाल्ला. गार झाला होता.

६ मार्च

करसल्लागाराकडे गेलो. हेर, म्हणजे श्रीयुत, विलांट नावाचे गृहस्थ, चष्मा नाकाच्या टोकावर. दुभाषी म्हणून शरदचंद्रांच्या कंपनीतली ऊर्मिला बरोबर होती. नाशिकची मुलगी, हुशार आहे, पण हसू आवरता येत नाही.

हेर विलांट यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले आणि काहीतरी विचारले. ऊर्मिला खोकली.

"काय म्हणतात?"

"काकू, ते विचारतायत, दोघींची जन्मतारीख एकच आहे, मधलं नावही एकच आहे. जुळ्या बहिणी का?"

मधले नाव म्हणजे नवऱ्याचे नाव, हे समजावण्यात थोडा वेळ गेला. त्यांना ते वडिलांचे वाटत होते. मग त्यांना शरदचंद्रांचे वय जुळेना.

शेवटी त्यांनी नियम सांगितला. नवरा-बायकोने एकत्र कर भरायचा तर दोघांचे घर जर्मनीत हवे. वर्षातला थोडा काळ असले तरी चालते. मी नोव्हेंबरात आले, तेवढे पुरे. पण बायको भारतात राहत असेल तर नवऱ्याचा हिशेब जवळजवळ एकट्या माणसासारखाच होतो. म्हणजे आजची स्थिती अशी: संध्याचे शरदचंद्रांशी लग्न झालेले आहे, पण ती इथे राहत नाही. मी इथे राहते, पण माझे लग्न झालेले नाही.

"गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, असे हेर विलांट आनंदाने म्हणाले. त्यांना माझी समज आवडली.

मग त्यांनी चष्मा काढला आणि गंभीर गोष्ट सांगितली. कराचे एक वेळ निभेल. पण माझा इथे राहण्याचा परवाना 'पेंडसे यांची पत्नी' म्हणून आहे, तो सप्टेंबरात वाढवायचा आहे, आणि फिनान्सआम्टने मला पत्नी मानले नाही तर तिकडेही प्रश्न निघेल. मग मला परत जावे लागेल. उपाय सोपा आहे, म्हणाले. त्यांनी मसुदाही छापून ठेवला होता: 'मी, यमुना पेंडसे, जिला संध्या या नावानेही ओळखतात, शपथेवर लिहून देते की...'

"कोण ओळखतं?" मी विचारले.

"काकू?"

"संध्या या नावाने मला कोण ओळखतं? एक माणूस सांगा."

शरदचंद्र छताकडे पाहत होते. मी आयुष्यभर मुलांना शिकवले की परीक्षानळीत जे दिसले नाही ते वहीत लिहायचे नाही. आता शपथेवर लिहू? हेर विलांट म्हणाले, दोन मिनिटांची सही आहे. मी म्हटले, माझ्याकडे वेळ भरपूर आहे. अडचण वाक्याची आहे.

ठरले ते असे की पुण्यात दाखल्यातले नाव दुरुस्त होते का, ते मी आधी पाहीन.

९ मार्च, रविवार

शंकरपाळे केले. थोडे ताटलीत घालून तळमजल्यावरच्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, ब्रेंडल यांना द्यायला गेले. मी आल्यापासून या बाई माझ्याशी धड बोललेल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तर भिंतीकडे पाहतात. शरदचंद्रांशी मात्र चांगले बोलतात, त्यांची पार्सलेही ठेवून घेतात. मी हा जर्मन स्वभाव समजते. बाईंची मुलगी लंडनला असते, त्यामुळे इंग्रजी चांगले आहे.

त्यांनी दार उघडले, ताटलीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"तुमचा चेहरा अगदी तिच्यासारखा आहे," म्हणाल्या.

आमची ओवी हॅम्बर्गला नोकरी करते, नाताळात येऊन गेली होती. मी म्हटले, "सगळे तसंच म्हणतात. रक्ताचं नातं आहे."

त्यांनी दाराची मूठ धरली.

"तुम्ही इथं येऊन राहिलात, हे तिला माहीत आहे?"

"म्हणजे काय! तिकीट तिनेच काढलं."

"आणि तिला वाईट वाटलं नाही?"

"छे! 'आता तू सांभाळ त्यांना, मी सुटले,' म्हणाली." ओवीच दर रविवारी फोन करून वडिलांना गोळ्यांची आठवण करायची, ते काम माझ्याकडे आले.

फ्राऊ ब्रेंडल यांनी मग ताटली घेतली, "आमच्याकडे असं नसतं," म्हणाल्या आणि दार लावले.

जर्मन लोक मुलांच्या पैशाने प्रवास करत नसावेत. स्वाभिमानी समाज आहे.

१३ मार्च

देवदत्तचा फोन. देवदत्त म्हणजे माझा धाकटा दीर, पुण्यातच असतो. त्याला दाखल्याच्या चौकशीला पाठवले होते.

"वहिनी, होईल म्हणतात. नाव बदलून मिळेल."

"मग?"

"अर्ज मात्र दाखल्यावर जिचं नाव आहे तिनेच करायचा. संध्याला घेऊन या म्हणाले."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, आमची वहिनी तिला घरात येऊ देत नाही."

मी फोन ठेवला. त्याने पुन्हा केला. म्हणाला, खरे सांगायचे तर स्वतः येऊन, जुने कागद काढून, पाच-सहा महिने जातील. आणि मग पुढे, "वहिनी, रागावू नका, पण सवतीशी जमवून घ्या आता." हा पन्नाशीला आला तरी माझ्याशी असाच बोलतो. मी लग्न होऊन आले तेव्हा हा डोक्याला तेल लावून शाळेत जायचा.

म्हणजे तो रस्ता बंद.

१७ मार्च

घरात संध्येचा सुळसुळाट झाला आहे. सुरुवात माझ्याकडून झाली, हे मान्य. शरदचंद्रांनी विचारले, इस्त्रीचे शर्ट कुठे आहेत. मी म्हटले, "विचारा तुमच्या संध्येला."

"तिला विचारलं तर सांगते तरी," म्हणाले.

"मग तिच्याकडूनच इस्त्री करून घ्या."

"ती करायची. गाणं म्हणत करायची."

हे वाक्य ते फार पटकन बोलले. मी पाहिले तर कान लाल झालेले. जी बाई अस्तित्वात नाही तिच्या गाण्याची यांना काय माहिती? मी तसे विचारले. "आल्झो," म्हणाले आणि कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेले. पिशवी अर्धी रिकामी होती.

खिडकीतून पाहिले. दुसऱ्या मजल्यावरचा टक्कल असलेला गृहस्थ अंगणात भेटला. त्याने वर आमच्या खिडकीकडे पाहिले आणि यांच्या खांद्यावर एक थाप मारली. चार महिन्यांत या इमारतीत कोणी कोणाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. कोपऱ्यावरच्या बेकरीतली बाईही हल्ली यांना पाव देताना मान हलवते आणि माझ्याकडे पाहतच नाही. ऑफिसात काही बरेवाईट चालले असेल आणि मला सांगत नसतील.

२२ मार्च

ओवीचा फोन, सकाळी.

"आई, सही कर ना गं. कितना simple आहे."

"मराठीत बोल."

"सही कर. प्लीज."

"खोटं लिहून देऊ? संध्या म्हणून मला काळं कुत्रं ओळखत नाही."

"मग काय करणार तू?"

"परवाना वाढला नाही तर सप्टेंबरात परत जाईन. पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिलाय, तो रिकामा करून घेईन. तीन वर्षं राहिलेच की एकटी."

ती मग म्हणाली, "तू राहशील गं आई. तुझं काय. प्रश्न बाबांचा आहे."

"त्यांना काय धाड भरलीय? स्वयंपाक येतो, भाषा येते, गोळ्या मोबाइल सांगतो."

"या," ती जर्मनमधले 'या' म्हणाली, म्हणजे 'हो', पण ज्या सुरात म्हणाली तो सूर मला आवडला नाही.

दुपारी शरदचंद्रांनी आपणहून विषय काढला. मी वाद घालायच्या तयारीत बसले होते. पण म्हणाले, "राहू दे. नको करूस सही. तुला पटत नाही ते लिहून द्यायचं नाही. मी कळवतो की पत्नी भारतात असते, एकट्याचा हिशेब करा."

"आणि माझा परवाना?"

"बघू. जायचं झालं तर येईन सोडायला."

मग पार्सल आणायला म्हणून खाली फ्राऊ ब्रेंडल यांच्याकडे गेले आणि बऱ्याच वेळाने आले. हातात पार्सल नव्हते.

वादात मी जिंकले. जेवताना मीठ जास्त झाले, पण दोघांनीही ताट संपवले.

३० मार्च, गुढीपाडवा

आज घडले ते सगळे लिहून ठेवणे आवश्यक आहे. लांबेल.

आजच इथली घड्याळे तासभर पुढे गेली, त्यामुळे गुढी नेमकी कोणत्या वेळेला उभी राहिली याबद्दल दोन मते होऊ शकतात. बाल्कनीत उभारली. पडद्याचा दांडा, त्यावर माझी मोरपंखी पैठणी, तांब्या, साखरेची गाठी. कडुलिंब मिळाला नाही. ऊर्मिला देते म्हणाली, म्हणून शरदचंद्र तिच्याकडे गेले. मी एकटी होते. बेल वाजली. दारात फ्राऊ ब्रेंडल, अंगणातूनच वर पाहून आलेल्या.

"ती साडी," त्या म्हणाल्या. "ती तिची आहे का?"

"नाही, माझी. ती साड्या नेसत नाही. जीन्स घालते."

त्यांचा संयम सुटला. हातातली शंकरपाळ्यांची ताटली, धुऊन पुसून आणलेली, त्यांनी माझ्या हातात जवळजवळ आदळली.

"तिच्याबद्दल असं बोलू नका! संध्याबद्दल या इमारतीत कोणी वाईट ऐकून घेणार नाही!"

मग एकदम सगळे जागेवर बसले: जिना, बेकरी, खांद्यावरची थाप. तिकीट तिनेच काढले, हे माझे वाक्य आठवून तर घामच फुटला. मी आल्यापासून यमुना म्हणूनच ओळख करून दिली होती, त्यामुळे या सगळ्यांच्या मते मी संध्याची बहीण होते. मी येऊन तिचा नवरा घेतला होता, आणि तिच्याच पैशाने.

मी त्यांना आत बोलावले, खुर्ची दिली, पाणी दिले. त्याच क्षणी गैरसमज दूर करायला हवा होता. पण मी केला नाही. आधी बाई कोण, कशी, ते कळायला हवे होते.

"संध्याबद्दल तुम्हाला कसं कळलं?" मी विचारले.

"हेर पेंडसे यांनी सांगितलं. घर घेतलं तेव्हा कागदावर नाव होतं, मी विचारलं, 'फ्राऊ संध्या केव्हा येणार?' ते मग सांगू लागले. दोन वर्षं सांगत होते! दर शनिवारी, माझ्या स्वयंपाकघरात. तिचा एक हसरा फोटोही दाखवला होता."

"काय सांगत होते?"

"ती पोळ्या लाटताना गाते आणि तिला वाटतं कोणाला ऐकू येत नाही."

मी खुर्ची जवळ ओढली.

"एकदा तिच्या कॉलेजात प्रमुख पाहुणे भाषण थांबवेनात, तेव्हा तिने उठून आभार मानायला सुरुवात केली. त्यांचं भाषण चालू असताना."

तो मंत्री होता. मी केले होते तसे.

"तिला सायकल येत नव्हती. मुलीला शिकवायची म्हणून ती आधी स्वतः शिकली, पहाटे, मैदानात, कोणाला न सांगता. गुडघे फोडून घ्यायची आणि घरी येऊन सांगायची, प्रयोगशाळेत पडले. नवऱ्याला माहीत होतं. तो झाडामागे उभा राहायचा, जास्त लागलं तर पळत जाता यावं म्हणून."

हे मला माहीत नव्हते. म्हणजे सायकलचे माहीत होते. झाडामागचे नव्हते.

मी त्यांना मध्ये थांबवले नाही. पाणी संपले, चहा केला, त्या सांगत होत्या आणि मी 'आणखी?' म्हणत होते. एका प्रसंगात तपशिलाची चूक होती (कुकर फुटला नव्हता, फक्त शिट्टी उडाली होती), पण तीही सोडून दिली. शेवटी त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, "अशी बायको असताना माणूस... मला तुमच्याबद्दल राग नाही. पण समजत नाही."

"फ्राऊ ब्रेंडल," मी म्हटले, "संध्या मीच आहे."

बोलून गेले आणि मग कळले की बोलले.

त्यांनी मला नीट न्याहाळले, चेहऱ्यापासून चपलांपर्यंत.

"शक्य नाही," त्या म्हणाल्या. "संध्या हसते."

चौतीस वर्षे शिकवले, विद्यापीठाच्या समित्यांवर बसले, आणि आज एका म्हाताऱ्या बाईला पटवायला माझ्याकडे एक पुरावा नव्हता. पासपोर्ट दाखवला तर त्यावर यमुना. आणि मग ते सगळे एकदम डोळ्यांपुढे आले, तिकीट, 'मी सुटले', त्यांचा दाराची मूठ धरलेला हात, आणि मला हसू फुटले. आवरेना. पदराला डोळे पुसावे लागले. खुर्चीचा पाय सरकला.

फ्राऊ ब्रेंडल उभ्या राहिल्या. "ओह," त्या म्हणाल्या. "ओह, माइन गॉट." आणि त्याही हसू लागल्या.

तेवढ्यात शरदचंद्र कडुलिंबाची डहाळी घेऊन आले, आम्हां दोघींना पाहिले आणि दारातच थबकले. फ्राऊ ब्रेंडल त्यांना म्हणाल्या, "हेर पेंडसे, ती आली!" आणि त्यांचे दोन्ही हात धरून हलवले.

त्या गेल्यावर जेवण झाले. श्रीखंड वाढता वाढता मी विचारले, "अहो, झाडामागं उभं राहून पाय दुखत नव्हते का?"

यांनी 'आल्झो' म्हटले नाही. त्यावरून समजले की खरे बोलणार.

"नाव आईनं निवडलं असं तुला वाटत आलंय," म्हणाले. "तिनं नाही. मी निवडलं. यमुना हे आमच्या मोठ्या आत्याचं नाव होतं. ती कान पिळायची, दोन्ही, एकदम. मांडवात बसलो आणि वाटलं, जन्मभर हिला यमुना कसं म्हणू? माझे कान दुखतील."

"मग सांगायचं होतं!"

"तू अक्षराचं कौतुक करून विषय संपवलास. पुढं कधी बोलायची हिंमत झाली नाही."

चौतीस-पस्तीस वर्षे हा माणूस मला फक्त 'अगं' म्हणतो. मला वाटायचे, लाजतो.

"आणि इथं येऊन ती माझ्या पाठीमागं सगळ्या इमारतीला वाटलीत?"

"एकटा होतो गं. कोणाला तरी सांगायचं होतं तुझ्याबद्दल. आत्याचं नाव घेऊन सांगता आलं नसतं."

मी त्यांना श्रीखंड आणखी वाढले. त्याचा काही विशेष अर्थ नाही. उरले असते तर आंबले असते.

३१ मार्च

हेर विलांट यांच्याकडे गेले, एकटीच, ट्रॅमने. मसुदा पुन्हा काढायला लावला. ऊर्मिला फोनवर होती.

त्या वाक्यावर बोट ठेवून मी सांगितले की परिस्थिती बदलली आहे. 'संध्या या नावानेही ओळखतात' हे आता खरे आहे. तळमजला, दुसरा मजला आणि कोपऱ्यावरची बेकरी मला त्याच नावाने ओळखतात, आणि माझ्यापेक्षा बरे समजतात. मात्र वाक्य अचूक हवे. म्हणून पुढे जोडून घेतले: 'सदर नाव माझ्या पतीने विवाहाच्या दिवशी दिले, माझ्या गैरहजेरीत वापरले, आणि त्याबद्दल मला अलीकडेच कळले.'

"काकू, हे शेवटचं टॅक्सला लागत नाही," ऊर्मिला म्हणाली.

"खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग राहू दे."

हेर विलांट यांनी ते दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि छापून दिले. देवदत्तकडूनही दिराच्या नात्याने दोन ओळी मागवल्या होत्या. त्याने स्कॅन करून पाठवल्या: 'यमुना आणि संध्या या एकच व्यक्ती आहेत. संध्या म्हटल्यास जेवण मिळत नसे.' दुसरे वाक्य काढायला सांगितले. त्याने काढले नाही. मुदत जवळ आली आहे, तसेच भाषांतराला दिले. सही करते आहे ती केवळ मुदतीमुळे, हे इथे नमूद करते.

३ एप्रिल

आज फिनान्सआम्टला दोघे गेलो. खिडकीशी एक तरुण बाई होत्या. त्यांनी शपथपत्र शेवटपर्यंत वाचले, जोडलेल्या वाक्यापाशी थांबल्या, शरदचंद्रांकडे पाहिले. हे छताकडे पाहू लागले. बाईंनी विचारले, "म्हणजे फ्राऊ संध्या पेंडसे आता जर्मनीत राहतात?"

"हो," मी म्हटले. "राहायला आली आहे."

त्यांनी टाइप केले.

दिले ते असे. फिनान्सआम्टला: माझे शपथपत्र, मूळ प्रत, विवाहाचा दाखला आणि त्याचे भाषांतर, पासपोर्टची प्रत, दिराचा जबाब, दोन्ही वाक्यांसह. शिक्क्याची पोच घेतली. कळवायला काही आठवडे लागतील, पण एकत्र हिशेबाला आता अडचण दिसत नाही, असे बाई म्हणाल्या.

शरदचंद्रांना: एक नाव, घरात आणि फ्राऊ ब्रेंडल यांच्यासमोर वापरण्यापुरते, तोंडी दिले, ट्रॅमच्या थांब्यावर. त्यांनी ते लगेच एकदा वापरून पाहिले. पोच मागितली नाही.